पाणी न राहणारी पिशवी

एका गावात एक भोळा नवरा होता. होता म्हणजे अजून आहे. त्याला बघायला तुम्हाला फार लांब जायला नको, कारण ही गोष्ट तोच सांगतोय. माझं नाव सोपान.

आमच्या गावाचं नाव खडकवस्ती. गावाला नदी आहे, पण नदीला पाणी नाही. पाणी टँकरनं येतं. त्यामुळं गावात कुणालाच पोहता येत नाही आणि बुडण्याचीही सोय नाही. लोक मला तोंडावर भोळा म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण गोष्ट ऐकायला लहान मुलं बसली आहेत, तेव्हा तो शब्द राहू दे.

माझी बायको शालन हुशार आहे. ती गावच्या शाळेत शिकवते. तिच्या चष्म्याची काच एवढी जाड, की चष्मा काढला तर समोर मी उभा आहे की कपाट, हे तिला कळत नाही. मी फार बोलत नाही, त्यामुळं बोलूनही कळत नाही.

तर एकदा शालन चौथीच्या वर्गाला समुद्राचा धडा शिकवत होती. रंगीत मासे, पोवळी, सगळं फळ्यावर काढलं. एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही समुद्रातला मासा बघितलाय?" शालननं फळा पुसला. घरी आली, जेवली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी न बघितलेलंच शिकवत आले. या सुट्टीत मी समुद्रात उतरणार आणि मासा बघणार. मग शाळा उघडल्यावर त्या पोरीला सांगणार."

शालनचा भाऊ उदय पुण्याला असतो. त्याला समुद्रात बुडी मारायचा नाद आहे. त्यानं आपलं सगळं सामान खोक्यात भरून पाठवलं. रबरी सूट, पायात घालायचे लांबलचक फिन्स, तोंडात धरायची नळी, आणि डोळ्यांवर लावायचा मास्क. मास्क मात्र नवा होता. त्यात त्यानं शालनच्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या होत्या. हवेची टाकी तेवढी मालवणला बोटवाल्याकडं मिळणार होती.

"दाजी," उदय फोनवर म्हणाला, "खोकं पाण्यानं विरघळून जाईल. हे सामान न्यायला तुम्ही एक जाळीची पिशवी घ्या. एवढं एकच काम तुमच्याकडं."

"एकच ना? मग होतंय," मी म्हणालो. "पण चांगली पिशवी ओळखायची कशी?"

"सोपं आहे. आत पाणी राहता कामा नये."

मी ते डोक्यात पक्कं ठेवलं. माझ्या डोक्यात जागा भरपूर आहे.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यानं भरलेली कळशी खांद्यावर घेतली आणि तालुक्याला गेलो. तिथं चंदूशेठचं दोर, ताडपत्री आणि पिशव्यांचं दुकान आहे. मी म्हणालो, "पिशव्या दाखवा." त्यानं कापडी दाखवली. मी तिच्यात पाणी ओतलं. थोडं राहिलं. मी म्हणालो, "नको." त्यानं रेक्झिनची दाखवली. तिच्यात तर सगळंच राहिलं. ती मी त्याच्या गादीवर उलटी केली आणि म्हणालो, "ही तर मुळीच नको."

"अहो, काय करताय काय!" चंदूशेठ गादीवरून उठला.

"पाणी राहता कामा नये," मी म्हणालो.

"मग घ्या ही कांद्याची!" असं म्हणून त्यानं कांदे भरायची लाल जाळीची गोणी माझ्या अंगावर फेकली. मी तिच्यात उरलेलं पाणी ओतलं. सगळंच्या सगळं सुतळीच्या गठ्ठ्यावर गेलं. गोणीत थेंब राहिला नाही. मी खूश झालो. चंदूशेठ झाला नाही.

मी घरी आल्यावर शालननं गोणीत सामान भरलं आणि उचललं. फिन्स राहिले. मास्कच्या पट्ट्याचं बक्कल मात्र जाळीतून खाली पडलं आणि घरंगळत कोंबड्यांच्या खुराड्याखाली गेलं. शालन पोटावर झोपून ते शोधत होती तेव्हा मी उदयला फोन लावला.

"दाजी, भोकं केवढी आहेत ते नको बघायला?" उदय म्हणाला. "सगळ्यात बारीक वस्तू सोबत न्यायची आणि आत टाकून बघायची. ती पडली नाही म्हणजे पिशवी पास."

"बरं," मी म्हणालो. "आता तसंच करतो."

मी घरात सगळ्यात बारीक वस्तू शोधली. तांदूळ बारीक, पण रवा त्याहून बारीक. रव्याचा माझ्या हातात लगदा झाला, म्हणून मोहरी घेतली. मोहरीचा डबा घेऊन मी तालुक्याला गेलो.

मला बघताच चंदूशेठनं गादी गुंडाळून आत ठेवली. "आज कळशी नाही ना?"

"नाही. आज मोहरी आहे."

त्यानं एक जाळीची पिशवी दिली. मी मूठभर मोहरी आत टाकली. सगळी खाली. दुसरी दिली. तीही खाली. दुकानात मोहरीचा थर झाला. एक गिऱ्हाईक आत आलं ते उभं आलं आणि बसूनच पुढं सरकलं. चंदूशेठ ओरडला, "मोहरी न पडणारी जाळी मच्छरदाणीचीच असते!"

"मग ती द्या," मी म्हणालो.

मच्छरदाणीतून मोहरी पडली नाही. पाणीही राहिलं नाही, ते मी शेजारच्या हॉटेलातून तांब्याभर आणून बघितलं. दोन्ही परीक्षांत पास झालेली वस्तू घेऊन मी घरी आलो. शालननं तिच्यात फिन्स घातले. फिन्सचं टोक एका बाजूनं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं.

शालन फाटलेल्या मच्छरदाणीकडं बघत खाटेवर बसली. "अहो, मोहरी कोण घेऊन चाललंय समुद्रात? आपल्याबरोबर जे जाणार, त्यातलं सगळ्यात मोठं काय आहे ते बघायचं. ते पिशवीत मावलं पाहिजे आणि त्याच्या वजनानं पिशवी तुटायला नको."

"असं सांग की मग," मी म्हणालो. "आता तसंच करतो."

रात्रभर मी विचार केला. आमच्याबरोबर काय काय जाणार? फिन्स जाणार. बॅग जाणार. शालन जाणार. सगळ्यात मोठं काय? सकाळी आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं. मी लगेच निघालो.

चंदूशेठनं मला लांबूनच बघितलं आणि हात जोडले. "आज काय आणलंय?"

"काही नाही. आज मी एकटाच आलोय," मी म्हणालो. त्याला बरं वाटलं. त्यानं आतून एक काळी, जाड नायलॉनच्या जाळीची बॅग काढली. क्रिकेटवाले सगळ्या टीमचं सामान नेतात तसली. लांब चेन, खांद्यावर घ्यायला रुंद पट्टे. मी ती जमिनीवर पसरली, चप्पल काढली आणि आत शिरलो.

"अहो!" चंदूशेठ म्हणाला.

"चेन लावा," मी म्हणालो. गुडघे हनुवटीला लागत होते, पण मी मावलो होतो. "आता उचला. पट्टे तुटतात का बघायचं आहे."

चंदूशेठनं दोन हमाल बोलावले. बहुतेक तो या दिवसाची वाटच बघत होता. हमालांनी मला उचललं. पट्टे तुटले नाहीत. बाजाराचा दिवस होता. बघता बघता गर्दी जमली. एका बाईनं जाळीतून माझ्या दंडाला बोट लावून बघितलं आणि हमालांना विचारलं, "हे कशाचं आहे?" हमाल म्हणाला, "आम्हालाही अजून कळलं नाही."

मग मी म्हणालो, आता उघडा. तर चेन अडकली. हमालांनी मला तसंच उचलून बाजारातून शिंप्याकडं नेलं. शिंपी कुणाचा तरी झंपर शिवत होता. तो म्हणाला, "थांबा, आधी हा होऊ दे." मी खुंटीला लटकून थांबलो. तिथून बाजार फार छान दिसतो.

पण पिशवी बरोबर निघाली! उदयला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "दाजी, ही एक नंबर आहे." शालनही म्हणाली, "चांगली आणलीत हो." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी आणखी काही काम करायचं का, असं विचारलं. शालन घाईघाईनं नको म्हणाली.

निघायच्या दिवशी उदयनं फोनवरून सामान भरायला सांगितलं. "दाजी, वजनदार खाली, नाजूक वर. हे विसरायचं नाही."

मी विसरलो नाही. फिन्स आणि रबरी सूट खाली घातला, मास्क टॉवेलात गुंडाळून वर ठेवला. मग संध्याकाळी आम्ही झोपायच्या बसमध्ये चढलो. तिथं मी बघतो तर काय, खालच्या बाकावर एक काडीसारखी आजी आडवी झालेली आणि तिच्या वरच्या बाकावर एक पैलवान! सगळं उलटं भरलेलं. मी पैलवानाला म्हणालो, "तुम्ही खाली या." तो भला माणूस होता, काहीतरी कारण असेल म्हणून उतरला. मग मी आजीला उचललं आणि वर ठेवलं.

आजी वरून किंचाळली. कंडक्टर धावत आला. आजीचा मुलगा पुढच्या बाजूनं धावत आला. मी सगळ्यांना समजावलं, "वजनदार खाली, नाजूक वर."

शालननं सगळ्यांची माफी मागितली, आजीला खाली आणवलं आणि मला खिडकीकडं कोंबून बसवलं. "अहो, ते सामानाचं होतं. कुणालाही हलवायच्या आधी त्याला विचारायचं असतं."

"बरं," मी म्हणालो. "आता विचारूनच."

सकाळी मालवण आलं. सगळे उतरले. शालन उतरली. मी पिशवीपाशी उभा राहिलो आणि तिला विचारलं, "हलवू का?" पिशवी काही बोलली नाही. मी जरा मोठ्यानं विचारलं. बस निघाली. पुढच्या चौकात कंडक्टरनं आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि पिशवीला, न विचारता खाली उतरवलं.

मालवणला आमचा बोटवाला होता आग्नेल. काळासावळा, हसरा, पाण्यातच जन्मलेला माणूस. त्यानं शालनचा मास्क हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "वैनी, तुमी वेळेर इलात. उद्या शेवटची बोट. मगे पावस सरापर्यंत दर्यो कोणाक आत घेवचो नाय."

म्हणजे उद्या नाही तर या सुट्टीत नाही. शालननं मास्क त्याच्या हातातून परत घेतला आणि छातीशी धरला. मला तिच्याकडं बघून भीती वाटली. भीती माझीच वाटली.

त्या दिवशी गुडघाभर पाण्यात सराव झाला. शालन फिन्स घालून बदकासारखी मागं मागं चालत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. सराव झाल्यावर आग्नेलनं मला आमच्या खोलीमागचा गोड्या पाण्याचा हौद दाखवला. "भाऊ, खारा पाणी लागलेला सामान आसा ना, ता भायर काढू नकात. पिशवीसकट हौदात बुडवा. म्हणान तर जाळी."

मी बुडवलं. पिशवी वर काढली तर सगळं पाणी एका झटक्यात खाली. सामान स्वच्छ. मी तिथंच उभा राहून त्या पिशवीचं मनातल्या मनात कौतुक केलं. इतक्यात मला आमची कपड्यांची बॅग दिसली. ती किनाऱ्यावर वाळूत ठेवली होती आणि तिला खारं पाणी लागलं होतं. मी म्हटलं, हिचंही भलं करू. बाहेर काही काढलं नाही. कपड्यांसकट बुडवली. वर काढली, पण हिच्यातून पाणी काही जाईना. माझ्याच्यानं ती उचलेना.

शालन आली. तिनं बॅग उघडली. तिच्या साड्या, माझे शर्ट, जपून आणलेली लाडवांची पुडी, सगळं एकमेकांत मिसळलं होतं.

"अहो, हे काय?"

"बाहेर काढायचं नाही म्हणाला."

शालन हौदाच्या काठावर बसली आणि ओल्या साड्या पिळायला लागली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "नीट ऐका. कुठलीही वस्तू पाण्यात घालायच्या आधी ती रिकामी करायची. आत जे असेल ते आधी बाहेर काढायचं. मग पाण्यात. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. आणि खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. समुद्र ताटात वाढल्यासारखा शांत होता. बोटीत हवेच्या दोन टाक्या उभ्या होत्या. एक शालनची, एक आग्नेलची, कारण तो तिला धरून खाली नेणार होता. आग्नेल डिझेल आणायला गेला. शालन सूट घालायला आडोशाला गेली. मी बोटीत एकटा राहिलो.

टाकीकडं बघून मी विचार केला. ही पाण्यात जाणार. म्हणजे आधी रिकामी करायला हवी. आत काय आहे? हवा. मी वरची चावी फिरवली. अशी सणसणीत फुस्स सुरू झाली की धक्क्यावरची मांजरं पळाली. मी शांतपणे धरून बसलो. बराच वेळ लागला. शेवटी टाकी गप्प झाली, तेव्हा मी तिला थोपटलं आणि दुसऱ्या टाकीला हात घातला.

तेवढ्यात आग्नेलनं डिझेलचा कॅन टाकून बोटीत उडी मारली आणि माझा हात धरला. "भाऊ! ह्या काय केल्यात? टाकयेतली हवा खय गेली?"

"बाहेर," मी म्हणालो. "पाण्यात घालायच्या आधी रिकामी केली."

आग्नेलनं डोक्याला हात लावला. सूट घालून शालन आली. तिनं माझ्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"परत भरता येईल का?" तिनं विचारलं.

"हवा भरून आणूची तर दुपार होतली, वैनी. आनि दुपारचो वारो सुटलो काय बोट न्हेवची नाय. एक टाकी माजी आसा, पन तुमका एकटीक कसो सोडू?"

शालन बोटीच्या काठावर बसली. रडली नाही. नुसती मास्कच्या काचेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आपण स्वतःच त्या हौदात बुडायला हवं होतं, आतलं बाहेर न काढता. मूर्खपणा करताना मला कधी काही वाटत नाही, पण त्या वेळी फार वाईट वाटलं.

आग्नेललाही ते बघवेना. तो म्हणाला, "वैनी, खाली जावक मिळाचा नाय, पन वरसून बघूक मिळात. जाकीट घाला, मास्क लावा, नळी तोंडात धरा, पान्यात पालथे पडान रवा. मासो दिसलो तर दिसलो." मग माझ्याकडं वळून त्यानं बोट उगारलं. "आनि भाऊ, मी सांगल्याशिवाय तुमी कशाकच हात लावूचो नाय!"

"बरं," मी म्हणालो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बोट किल्ल्यामागच्या खडकांपाशी गेली. आग्नेलनं नांगर टाकला आणि पिशवी माझ्या हातात दिली. आत फिन्स होते. "ही पट्ट्यान धरा आनि पान्यात बुडवन ठेवा. भिजले काय फिन्स पायात बरे सरकतत." मी पट्टा धरून पिशवी बाहेर सोडली. चेन मी लावली नव्हती. शिंप्याच्या खुंटीपासून मला चेनची धास्ती बसली आहे.

शालन मास्क लावून शिडीवरून खाली उतरायला लागली. आग्नेल पलीकडं दोर आवळत होता. तिसऱ्या पायरीवर शालनचा पाय घसरला. जाकीट होतं म्हणून ती तरंगली, पण घाबरली आणि तिनं हात वर केला.

"अहो, धरा!"

"हात लावायचा नाही असं सांगितलंय," मी म्हणालो.

"ते सोडा आणि मला धरा! आणि मी सांगेपर्यंत सोडू नका!"

आता हे स्पष्ट होतं. मी 'ते' सोडलं आणि तिला धरलं. 'ते' म्हणजे पिशवी. अशी उत्तम पिशवी, की पाण्यानं तिला कुठंही अडवलं नाही. सरळ तळाला गेली.

"पिशवी!" आग्नेल ओरडला. त्यानं स्वतःची टाकी पाठीला लावली, मला मालवणीत असं काहीतरी म्हणाला जे मी इथं सांगणार नाही, आणि उडी मारली.

मी काठावर पोटावर पडून शालनचा हात धरून राहिलो. तिनं नळी तोंडात धरली आणि तोंड पाण्यात घातलं. मग ती हलेचना. मला वरून फक्त तिची पाठ आणि नळी दिसत होती. नळीतून श्वास येत होता, जात होता. मध्येच तो थांबला. मग तिनं माझा हात असा दाबला की बोटं कडकड वाजली.

खाली काय चाललं होतं ते तिनं नंतर सांगितलं. पिशवी तळाला खडकावर उघडी पडली होती आणि तिच्यात मासे शिरले होते. पिवळे, अंगावर काळे पट्टे. आग्नेलनं पिशवी हळूच उचलली, तिचं तोंड मुठीत धरलं आणि वर आणून शालनच्या नाकासमोर धरली. जाळीच्या आत मासे आणि जाळीच्या बाहेर शालन. तळाचं वरून तिला नुसतं पिवळं पिवळं दिसत होतं. हे जवळ होतं. प्रत्येक माशाचा डोळा तिला दिसला. मग आग्नेलनं मूठ सोडली, आणि ते एकेक करून तिच्या गालाजवळून निघून गेले.

शालननं डोकं वर काढलं. नळी तोंडातून पडली. "अहो," ती म्हणाली. "अहो! त्यांनी माझ्याकडं बघितलं!" मास्कच्या आतसुद्धा पाणी होतं. ते खारंच होतं, पण समुद्राचं नव्हतं. मलाही रडू आलं. मी रडलो, पण हात सोडला नाही.

ती शिडीनं वर आली, मी हात धरूनच. बोट परत निघाली, मी धरूनच. धक्क्यावर उतरताना मी पाण्यात पडलो, तेव्हाही धरूनच, त्यामुळं तीही पडली. तिचं कशाकडं लक्षच नव्हतं. ती मासे कसे वळले ते सांगत होती, तो पट्टा कसा होता ते सांगत होती. माझा हात आपल्या हातात आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

धक्क्याशेजारी वाळूत बायकांना कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा आहे. त्याला पडदा लावलेला, आणि पारूमावशी नावाची एक म्हातारी तिथं बसून राखण करते. शालन बोलता बोलता आत गेली. मी बाहेर थांबलो, समुद्राकडं तोंड करून. माझा हात मात्र पडद्यातून आत.

"अहो, हात!" आतून शालन म्हणाली.

"धरलाय," मी म्हणालो. "काळजी करू नकोस."

बाहेर रांगेतल्या बायका हसायला लागल्या. आत थोडी कुजबुज झाली. पारूमावशी आत गेली. माझ्या बोटांना काहीतरी गुदगुल्या झाल्या, हात क्षणभर निसटल्यासारखा वाटला. मी झडप घालून पुन्हा धरला आणि आणखी घट्ट आवळला. सकाळपासून इतकी कामं बिघडवली होती, हे एक तरी मी बिघडू देणार नव्हतो.

थोड्या वेळानं आग्नेल पिशवी खांद्यावर घेऊन आला. माझ्याकडं बघत उभा राहिला. "भाऊ," तो म्हणाला, "वैनी तर हय उभी आसा."

मी वळून बघितलं. शालन माझ्यासमोर उभी होती. कोरडी, निळी साडी नेसलेली, केस पुसत. मी हाताकडं बघितलं. पडद्यातून आलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत.

"अरे मेल्या, सोड माका!" पडद्याआडून पारूमावशी ओरडली. "पोरगीक कपडे घालूक मिळूक होये म्हणान हात दिलंय, तर हो बाबा सोडनाच नाय!"

मी विचार केला. हा हात शालनचा नव्हता, हे खरं. पण सोडायचं कधी, हे शालन सांगणार होती. आणि तिनं अजून सांगितलं नव्हतं.

"शालन," मी विचारलं, "सोडू का?"

शालननं तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती वाळूत बसली. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुरू झाली. "सो" म्हणायची आणि पुढचं अक्षर हसण्यात जायचं. लग्न झाल्यापासून तिला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. आग्नेल पिशवी टाकून खाली बसला. रांगेतल्या बायका एकमेकींना धरून हसत होत्या.

"अरे, मी सांगतंय ना, सोड!" मावशी आतून ओढत होती.

"मावशी, तुम्ही सांगून चालायचं नाही," मी म्हणालो. "जरा दम धरा. हिचं हसणं थांबलं की ही सांगेल."

पण शालनचं हसणं काही थांबेना.